वाचनाचा नित्यनेम आणि बडोद्याची पेटी

अक्षरओळख होणे ही एक गोष्ट आणि वाचणे ही अगदी निराळी गोष्ट होय. पहिली शाळेत होते आणि ती झाल्याचा दाखलाही मिळतो. दुसरीचा दाखला कोणी देत नाही. स्नान, जेवण, दिवेलागण यांच्या जोडीने माणसाच्या दिवसात पुस्तकाला काही जागा आहे की नाही, एवढ्यावरूनच ती ओळखावी लागते. पहिली गोष्ट साधली म्हणजे दुसरी आपोआप येते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही, हे एका संस्थानिकाच्या फार लवकर ध्यानात आले. त्यावर त्याने जो उपाय योजला, त्याची हकीकत आज मी सांगणार आहे. संस्थानिक म्हणजे बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड आणि उपाय म्हणजे, थोडक्यात सांगायचे तर, पुस्तकांची एक लाकडी पेटी.

आपल्या समाजात वाचनाचा नित्यनेम पूर्वी मुळीच नव्हता, असे मात्र कोणी समजू नये. चातुर्मासात घरोघर पोथी लागत असे. पांडवप्रताप, हरिविजय, रामविजय यांचे अध्याय ओळीने वाचले जात. श्रीधरस्वामींनी १७१८ मध्ये पुरा केलेला शिवलीलामृत हा ग्रंथ घ्या. त्याचा अकरावा अध्याय रोज वाचण्याचा नेम आजही कित्येक घरांत चालतो. या नेमाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. वेळ ठरलेली, बसण्याची जागा ठरलेली, पोथी विशिष्ट वस्त्रात गुंडाळून विशिष्ट ठिकाणी ठेवलेली आणि किती वाचायचे तेही ठरलेले. आज मन लागते का, असा प्रश्न कोणी स्वतःला विचारीत नसे. शिवाय वाचणारा एक आणि ऐकणारे दहा, त्यामुळे ज्यांना अक्षर ठाऊक नव्हते त्यांचाही दिवस ग्रंथावाचून जात नसे. उणीव होती ती दुसरीच. ग्रंथ तेच ते असत. शेतीवर, आरोग्यावर, दूरच्या देशांवर लिहिलेले नवे पुस्तक या नेमात शिरू शकत नव्हते. आणि हा नेम होता तो ज्या घरात पोथी होती त्या घरापुरता.

एकोणिसाव्या शतकात नव्या पद्धतीची ग्रंथालये निघाली. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नाशिकास १८४० मध्ये, पुण्यास आणि बेळगावास १८४८ मध्ये अशी वाचनालये स्थापन झाली. पणजीस तर पोर्तुगीज सरकारने १८३२ मध्येच सार्वजनिक ग्रंथालय काढले होते. पुढे १८९३ मध्ये ठाण्यास आणि १८९८ मध्ये मुंबईस मराठी ग्रंथसंग्रहालये उभी राहिली आणि मराठी पुस्तक जपून ठेवण्याचे काम संस्थांनी आपल्या शिरावर घेतले. या संस्थांचे ऋण मोठे आहे. परंतु त्या बहुतांशी शहरांतल्या, वर्गणी देऊ शकणाऱ्या आणि मुळातच वाचण्याची गोडी असलेल्या गृहस्थांच्या होत्या. ज्याला गोडीच लागलेली नाही, जो शहरापासून दहा कोस दूर राहतो आणि ज्याच्या हाती वर्गणीचा रुपया नाही, त्याच्याकडे पुस्तकाने आपण होऊन जावे, ही कल्पना अद्याप यायची होती.

ती ज्यांनी प्रत्यक्षात आणली ते सयाजीराव स्वतः वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होते. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात ११ मार्च १८६३ रोजी त्यांचा जन्म झाला. त्यांचे मूळचे नाव गोपाळराव. बडोद्याच्या महाराणी जमनाबाई यांनी २७ मे १८७५ रोजी त्यांना दत्तक घेतले आणि शेतकऱ्याचा मुलगा राजवाड्यात आला. इलियट नावाच्या शिक्षकाच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण सुरू झाले. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी अशा चार भाषा या मुलाला जवळजवळ एकदमच शिकाव्या लागल्या. २८ डिसेंबर १८८१ रोजी त्यांना राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले, तेव्हा त्यांच्या अक्षरओळखीला पुरती सात वर्षेही झाली नव्हती. ज्याला वाचणे बाळपणी नकळत येते, त्याला ते कसे आले याची आठवण राहत नाही. ज्याला ते जाणत्या वयात कष्टाने मिळवावे लागते, तो त्याची किंमत आणि ते निसटून जाण्याचा संभव, दोन्ही जाणतो. सयाजीरावांच्या पुढच्या उद्योगाचे मूळ मला या ठिकाणी दिसते.

राज्याचा कारभार अंगावर पडल्यावर वाचनाला सवड कोठून मिळणार? महाराजांनी सवडीची वाट पाहिली नाही. त्यांनी आपल्या नोकरवर्गात वाचकाची स्वतंत्र जागाच ठेवली. महाराजांना ग्रंथ वाचून दाखवणे, त्यांवर टिपणे काढणे, चर्चेस उपयोगी पडणे हे त्याचे काम. या जागेवर १८८९ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल गावचा एक चोवीस वर्षांचा पदवीधर तरुण दाखल झाला. त्याचे नाव गोविंद सखाराम सरदेसाई. पुढे अवघा महाराष्ट्र ज्यांना रियासतकार म्हणून ओळखू लागला, ते हेच. महाराजांच्या इच्छेवरून त्यांनी मॅकियाव्हेलीचा राजनीतीवरील ग्रंथ आणि सीलीचा इंग्लंडच्या राज्यविस्तारावरील ग्रंथ मराठीत आणले. राजपुत्रांना इतिहास शिकवण्याचे काम आले तेव्हा मराठीत सोयीचे पुस्तक मिळेना, म्हणून ते टिपणे काढू लागले. त्या टिपणांतूनच १८९८ मध्ये मुसलमानी रियासत आणि १९०२ मध्ये मराठी रियासतीचा पहिला भाग बाहेर पडला.

या घटनेकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. सरदेसाई इतिहासकार होण्यासाठी बडोद्यास आले नव्हते. ते नोकरीसाठी आले होते. रोज काही वाचायचे, जे वाचले त्याचे टिपण ठेवायचे, ते दुसऱ्याला समजेल असे सांगायचे, हा त्यांच्या नोकरीचा भाग होता. हा क्रम छत्तीस वर्षे चालला. १९२५ मध्ये ते बडोद्याच्या सेवेतून निवृत्त झाले आणि कामशेतला राहून वयाची साठी उलटल्यावर त्यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. प्रतिभा ज्याची त्याला लाभते. परंतु रोजच्या ठरलेल्या कामाने केवढा डोंगर उभा राहतो, याचे याहून ठळक उदाहरण आपल्या भाषेच्या इतिहासात शोधूनच काढावे लागेल.

आता राजवाड्यातून गावाकडे वळू. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये ते सर्व संस्थानात लागू केले. मुले शाळेत आली, बाराखडी शिकली, पहिली काही पुस्तके वाचू लागली. पुढे शाळा सुटली आणि ती शेतावर, दुकानावर, घरकामात गुंतली. चार-पाच वर्षांनी त्यांच्यापुढे छापील कागद धरला तर अक्षरे लागेनात! घरात पुस्तक नाही, गावात वर्तमानपत्र नाही. मग शिकलेले अक्षर टिकावे कशावर? वापरात नसलेली वाट जशी गवताने बुजते, तसे हे ज्ञान बुजत होते. शाळेवर खर्च केलेला पैसा आणि मुलांचे श्रम दोन्ही अशा रीतीने वाया जाणार असतील, तर शाळेच्या पाठोपाठ ग्रंथालय जाणे हे शाळेइतकेच आवश्यक ठरते. बडोद्याच्या ग्रंथालय चळवळीचा उगम या साध्या हिशेबात आहे.

या कामाचा पहिला धागा सरकारी नव्हता. मोतीभाई अमीन नावाच्या एका शिक्षकाने मित्रमंडळ ग्रंथालये या नावाने गावोगाव छोटी वाचनालये काढण्याचा उपक्रम १९०६ च्या सुमारास सुरू केला होता. मित्रांनी थोडे पैसे घालावेत, गावकऱ्यांनी थोडा भार उचलावा, वर्तमानपत्रे आणि मासिके यावीत आणि ती सर्वांनी वाचावीत, असा तो घरगुती थाट. संस्थानने त्याला साहाय्य दिले आणि पुढे मोतीभाईंनाच ग्रंथालय खात्यात घेतले. गुजराती समाज त्यांना ग्रंथालय चळवळीचे जनक मानतो, आणि ते योग्यच आहे.

दुसरा धागा दूरदेशीचा. १९१० मध्ये महाराज अमेरिकेस गेले असता तेथील सार्वजनिक ग्रंथालयांची व्यवस्था त्यांनी बारकाईने पाहिली आणि न्यू हेवन या गावच्या ग्रंथालयाचे प्रमुख विल्यम अॅलन्सन बोर्डन यांना बडोद्यास बोलावून घेतले. बोर्डन १९१० पासून १९१३ पर्यंत, म्हणजे अवघी तीन वर्षे, बडोद्यास होते. तेवढ्या अवधीत त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. त्याचा पाया म्हणजे महाराजांनी आपल्या राजवाड्यातून दिलेली सुमारे वीस हजार पुस्तके. त्यांनी ग्रंथपालांचा शिक्षणवर्ग १९११ मध्ये सुरू केला. हिंदुस्थानातील हा अशा प्रकारचा पहिला वर्ग. १९१२ मध्ये ग्रंथालयशास्त्राला वाहिलेले एक त्रैमासिक निघाले. त्यात इंग्रजी आणि गुजरातीच्या जोडीने मराठी विभागही होता. ग्रंथालय वर्गणीवाचून सर्वांना खुले होते. बोर्डन परत गेल्यावर जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी आणि त्यांच्यानंतर न्यूटन मोहन दत्त यांनी हे खाते चालवले. परका पाहुणा गेला म्हणजे त्याचे काम थांबते, असा अनुभव नेहमीचा आहे. येथे तो आला नाही, कारण पाहुण्याने जाण्यापूर्वी माणसे तयार केली होती.

आणि आता ती पेटी. मध्यवर्ती ग्रंथालयातून मजबूत लाकडी पेट्यांत पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके भरून त्या खेड्यापाड्यांत पाठवल्या जात. वाहतुकीचा खर्च संस्थान सोसत असे. गावातील एखाद्या जबाबदार माणसाने, बहुधा शाळामास्तराने, पेटी ताब्यात घ्यायची, पुस्तके घरोघर वाचावयास द्यायची आणि ठराविक मुदत संपली की ती परत करून दुसरी मागवायची. व्यवस्था दिसावयास किती किरकोळ! पण वाचनाचा नेम लावण्यासाठी जे काही लागते ते सारे तिच्यात आहे. पुस्तके मोजकीच, म्हणून निवडीचा घोळ नाही. पेटी गावातच, म्हणून प्रवासाची सबब नाही. पैसा लागत नाही, म्हणून गरिबीचा अडसर नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटी परत जावयाची आहे. जे पुस्तक कायमचे आपल्या कपाटात असते, ते उद्या वाचू म्हणून वर्षानुवर्षे राहून जाते. जे परत द्यायचे असते, ते आज रात्री कंदिलाशी बसून संपवावे लागते. परतीची तारीख ही वाचकाची अडचण आहे असे आपण समजतो. वास्तविक ती त्याची सर्वांत मोठी मदतनीस आहे.

पेटीने गोडी लागली म्हणजे गावाला स्वतःचे ग्रंथालय हवेसे वाटे. त्यासाठीही सयाजीरावांची रीत विचारपूर्वक बांधलेली होती. खर्चाचे तीन भाग करायचे. एक भाग गावकऱ्यांनी वर्गणीने जमवायचा, दुसरा स्थानिक पंचायतीने द्यायचा आणि तिसरा सरकारने. गावाने आपला वाटा जमवला नाही तर उरलेले दोन वाटेही येत नसत. सर्व पैसा सरकारच घालू शकले असते, नाही असे नाही. परंतु फुकट आलेल्या कपाटावर धूळ बसते आणि ज्यात आपले चार आणे आहेत त्याचे दार उघडे आहे की नाही, हे माणूस जाता-येता पाहतो. या रीतीने संस्थानातील शेकडो गावांत ग्रंथालये आणि वाचनालये उभी राहिली.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांनाही या योजनेने वगळले नाही. चित्रे, जादूचा कंदील आणि पुढे चलच्चित्रे यांच्या द्वारे ज्ञान देणारी एक शाखा याच खात्यात होती. मध्यवर्ती ग्रंथालयात स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळे विभाग होते. मुलांच्या विभागात पुस्तकांबरोबर खेळही ठेवले होते. मूल खेळावयास यावे, खेळता खेळता चित्रांचे पुस्तक उघडावे आणि घरी जाताना एखादे मागून न्यावे, एवढीच अपेक्षा. वाचनाची सवय धाकाने लागत नाही. जेथे पुस्तके आहेत तेथे जाण्याची सवय आधी लागावी लागते, हे त्या काळी ओळखले गेले होते.

या सर्वांत मराठीचे स्थान काय होते? संस्थानची बहुसंख्य प्रजा गुजराती होती आणि कारभाराची मुख्य भाषा गुजरातीच असावी, हे उचितच होते. परंतु बडोदे शहरात पिढ्यान् पिढ्या वसलेली मराठी वस्ती होती आणि राजघराण्याची भाषाही मराठी होती. १९१२ मध्ये महाराजांनी दोन लाख रुपयांची रक्कम वाङ्मयाच्या कामासाठी वेगळी काढली. तिच्या उत्पन्नातून श्रीसयाजी साहित्यमाला आणि मुलांसाठी श्रीसयाजी बालज्ञानमाला अशा दोन माला गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांत चालल्या. इतिहास, विज्ञान, चरित्र, आरोग्य अशा नाना विषयांवरची बेताच्या किमतीची पुस्तके त्यांतून निघाली. मराठी साहित्य संमेलन बडोद्यास १९०९, १९२१ आणि १९३४ मध्ये भरले आणि १९३२ च्या कोल्हापूरच्या संमेलनाचे अध्यक्षस्थान स्वतः सयाजीरावांनी भूषवले. महाराष्ट्राबाहेरच्या एका नगरीत मराठी वाचक तीन-चार पिढ्या टिकून राहिला, त्याचे बरेचसे श्रेय या व्यवस्थेला आहे.

तथापि या हकीकतीचा केवळ गौरव करून थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाचनाचा जो नेम राजाच्या आस्थेवर उभा राहतो, त्याला राजाच्या आयुष्याची मर्यादा असते. महाराज ६ फेब्रुवारी १९३९ रोजी निवर्तले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० मध्ये तो मुलूख गुजरात राज्यात गेला. मांडवीजवळचे मध्यवर्ती ग्रंथालय आजही उभे आहे. त्याच्या काचेच्या फरश्या आणि पोलादी मांडण्या पाहावयास लोक येतात. पण इमारत टिकली म्हणजे नेम टिकला असे होत नाही. ज्या गावात शाळामास्तर हाच ग्रंथपाल, तेथे मास्तराची बदली झाली की कुलूप लागण्याची भीती प्रथमपासूनच होती. पेटी गावापर्यंत पुस्तक पोचवू शकते. उंबरठ्याच्या आत त्याला कोणती वेळ आणि कोणता कोपरा मिळतो, हे घरातल्या माणसांनीच ठरवायचे असते.

हा प्रश्न आपल्यासारख्या, महाराष्ट्राच्या सीमेवर किंवा सीमेपलीकडे राहणाऱ्या मराठी माणसांना अधिक जवळचा आहे. एक उदाहरण आपल्या सर्वांच्या घरातले आहे. आपल्या पणजोबांची पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि वाटणीपत्रे मोडी लिपीत आहेत. मोडी कोणी हुकूम काढून आपल्या घरातून हद्दपार केली नाही. छापखाने बाळबोधाचे झाले, विसाव्या शतकाच्या मध्यास शाळांतून मोडी गेली आणि दोन पिढ्यांत आपल्याच घरचे कागद वाचण्यासाठी जाणकार शोधत फिरण्याची पाळी आपल्यावर आली. अक्षर वापराअभावी किती मुकाट्याने जाते, याचा हा पुरावा आपल्या माळ्यावरच्या पेटाऱ्यात पडला आहे.

बाळबोध मराठीवर अशी पाळी येणार नाही, असे म्हणवत नाही. वडोदऱ्यात, इंदुरात, ग्वाल्हेरीत, हैदराबादेत आपली मुले घरी मराठी बोलतात. शाळेत मात्र गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा इंग्रजी वाचतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे अवगत असते, म्हणून आपण निश्चिंत असतो. परंतु त्यांच्या हाती मराठीचे एक पान द्या. पाचव्या ओळीला ती अडखळतात, कारण शब्द कानाला ओळखीचे असले तरी डोळ्याला अनोळखी असतात. अमरेलीच्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाचे जे होत होते, तेच येथे वेगळ्या रीतीने होत आहे. त्याच्याकडे पुस्तक नव्हते. यांच्याकडे पुस्तके आहेत, हातातल्या दूरध्वनीच्या काचेवर तर अख्खे ग्रंथालय आहे. नाही ती पुस्तकाला राखून ठेवलेली वेळ.

माझ्या लहानपणी आमच्या घरी रात्रीची जेवणे आटोपली की वडील एखाद्या पुस्तकाची आठ-दहा पाने मोठ्याने वाचीत. आई भांडी आवरता आवरता ऐके, आम्ही मुले अंथरुणावर लोळत ऐकत असू. पुस्तक ग्रंथालयाचे असे आणि शनिवारी ते बदलावयाचे असे. शुक्रवारी ते संपले नसेल तर त्या रात्री आठाऐवजी वीस पाने होत. आम्हाला वाचनाची सवय लावावी असा त्यांचा हेतू होता की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांना स्वतःला शेवट काय होतो ते जाणून घ्यायचे असे. परंतु आज विचार करतो तेव्हा दिसते की पोथीची वेळ, सरदेशांचे मोठ्याने वाचणे आणि पेटीची परतीची तारीख ही तिन्ही त्या अर्ध्या तासात एकत्र आली होती.

ज्यांना आपल्या घरी हा नेम लावायचा आहे, त्यांनी मोठे संकल्प करू नयेत. वर्षात पन्नास पुस्तके वाचीन, असा निश्चय पाडव्याला करावा आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत विसरावा, हे आपल्या नेहमीच्या अनुभवाचे आहे. त्यापेक्षा जे कर्म रोज चुकत नाही त्याला वाचन जोडावे. सकाळच्या चहाला, सांजवातीला किंवा रात्रीच्या जेवणाला. पाने थोडी ठरवावीत, पण मोडू नयेत. पुस्तक विकत घेता आले तर अवश्य घ्यावे, पण एक तरी नेहमी ग्रंथालयाचे असावे, म्हणजे परतीची तारीख आपले काम करील. आणि घरात मूल असेल तर त्यातले एक पान मोठ्याने वाचावे.

आपल्या शहरातील मराठी ग्रंथालय कोठे आहे आणि ते किती वाजता उघडते, याची चौकशी या आठवड्यात अवश्य करावी. तेथील ग्रंथपाल बहुधा एकटा बसलेला असेल. त्याच्याकडून एक पुस्तक मागून घ्यावे आणि मुदतीच्या आत परत करून दुसरे आणावे. सयाजीरावांची पेटी आता आपल्या गावाला येणार नाही. आता आपणच चार पावले तिच्याकडे चालत गेले पाहिजे.